तळ्यासाठी बेडकांची अंडी आणावीत का? ब्रिटनमधला कायदा आणि नेहमी येणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये बाग असलेलं घर घेतलं की दोन-तीन वर्षांत तळ्याची हौस येतेच. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीच्या मराठी घरांतून ठरावीक विचारणा सुरू होते: जवळच्या पार्कमधल्या तळ्यात अंड्यांचे पुंजके दिसले, बादलीभर आणले तर चालतील का? त्या विचारणांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वेगळं काही लिहिलेलं नसेल तिथे कायदा इंग्लंड आणि वेल्सचा समजावा.

पार्कमधल्या तळ्यातून बेडकांची अंडी आणली तर गुन्हा होतो का?

साध्या बेडकाची असतील तर, नुसती उचलली एवढ्यावर वन्यजीव कायद्याचा गुन्हा होत नाही. बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही, पण कायदा तसाच आहे. 'वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्ट, १९८१' या कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात संरक्षित प्राण्यांची यादी आहे. साधा बेडूक, म्हणजे राना टेम्पोरेरिया, त्या यादीत आहे, पण त्याला कलम ९ मधलं फक्त विक्रीविरुद्धचं संरक्षण लागू आहे. पकडणं, जवळ ठेवणं, अंडी उचलणं याला त्या कलमाने मनाई केलेली नाही.

तरी पार्क तुमचा नाही. जमीन कौन्सिलची, शेतकऱ्याची किंवा एखाद्या संस्थेची असते, आणि मालकाची परवानगी लागतेच. अनेक पार्कांना आणि राखीव जागांना स्वतःचे उपनियम आहेत, त्यांत प्राणी-वनस्पती हलवायला बंदी असते. फाटकावरची बारीक अक्षरांतली पाटी एकदा वाचून घ्या.

मग विकत घेता येतील का? ऑनलाइन जाहिराती दिसतात.

इथे मात्र कायदा कडक आहे. जंगली बेडूक विकणं, विक्रीसाठी जवळ ठेवणं, विक्रीसाठी वाहून नेणं आणि विकतो किंवा विकत घेतो अशी जाहिरात देणं, हे सगळे गुन्हे आहेत. 'आम्ही बेडूक कुठे विकतो, अंडी विकतो' ही पळवाटही चालत नाही. प्राणी म्हटलं की त्यात त्याची अंडी आणि पिल्लावस्था धरायची, असं त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड, किंवा दोन्ही.

विकणारा म्हणेल, ही पिंजऱ्यात वाढवलेल्या बेडकांची अंडी आहेत. तसं असेल तर कायदा लागू होत नाही हे खरं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी त्याची. प्राणी जंगलीच होता असं न्यायालय आधी धरून चालतं.

याच कलम २७ मध्ये 'विक्री' या शब्दात भाड्याने देणं, अदलाबदल आणि वस्तुविनिमयही येतात. शेजारणीला अंड्यांचा पुंजका फुकट दिला तर गुन्हा नाही. तिने त्या बदल्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी देण्याचं ठरवलं, तर कागदावर तो व्यवहार झाला. एवढ्यावरून कोणी पोलीस दारात येणार नाहीत, पण कायदा किती बारकाईने लिहिला आहे ते यावरून कळावं.

अंडी साध्या बेडकाचीच आहेत, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, कारण वरची सगळी सूट फक्त साध्या जातींना आहे. ब्रिटनमध्ये मूळचे उभयचर सातच: साधा बेडूक, पूल फ्रॉग, साधा टोड, नॅटरजॅक टोड, आणि तीन न्यूट, म्हणजे स्मूद, पामेट आणि ग्रेट क्रेस्टेड. टोड म्हणजे खरबरीत, फोडाफोडांच्या कातडीचा, उड्या कमी आणि चाल जास्त असलेला बेडूक. न्यूट दिसायला पालीसारखा, पण कातडी मऊ आणि ओली.

साध्या बेडकाची अंडी पुंजक्याने असतात, एका पुंजक्यात हजार-दोन हजार. साबुदाण्याच्या खिरीसारखा तो गोळा उथळ पाण्यात तरंगतो, आणि प्रत्येक दाण्यात काळा ठिपका असतो. (इथल्या शाळांच्या जेवणात पूर्वी साबुदाण्याची खीर असायची, तिला मुलं 'फ्रॉगस्पॉन' म्हणूनच नावं ठेवायची.) साध्या टोडची अंडी लांब दोऱ्यात, दोन रांगांत, पाणवनस्पतींना गुंडाळलेली असतात. नॅटरजॅकच्या दोऱ्यात साधारण एकच रांग दिसते. न्यूट मात्र एकेक अंडं वेगळं घालतो आणि त्यावर पान दुमडून ठेवतो.

यांपैकी ग्रेट क्रेस्टेड न्यूट, नॅटरजॅक आणि पूल फ्रॉग यांना पूर्ण संरक्षण आहे. १९८१ च्या कायद्याबरोबर २०१७ चे अधिवास आणि प्रजाती संवर्धनाचे नियमही त्यांना लागू होतात. पकडणं, त्रास देणं, अंडी उचलणं किंवा नष्ट करणं, त्यांची प्रजननाची जागा बिघडवणं, सगळं गुन्ह्यात येतं. नॅटरजॅक आणि पूल फ्रॉग तुमच्या वाटेला येण्याची शक्यता कमी. नॅटरजॅक मर्सीसाइड, कुम्ब्रिया अशा किनाऱ्यांवरच्या वाळूच्या टेकड्यांत राहतो. पूल फ्रॉग तर १९९० च्या दशकात इथून नाहीसाच झाला होता, २००५ पासून स्वीडनमधून आणून नॉरफोकमध्ये पुन्हा सोडला गेला.

ग्रेट क्रेस्टेड न्यूट मात्र घरच्या तळ्यातही निघू शकतो. लांबी पंधरा-सोळा सेंटिमीटर, अंग काळपट आणि खडबडीत, पोट भडक नारिंगी, त्यावर काळे डाग. त्याची अंडी पांढरट-पिवळसर असतात, इतर न्यूटांची करडी-तपकिरी. पार्कमधून पाणवनस्पतीची एक जुडी आणली आणि तिच्या दुमडलेल्या पानांत ही अंडी निघाली, तर तुम्ही नकळत भलत्याच कलमात जाऊन बसता.

कायदा साध्या बेडकाला अडवत नाही, मग तुम्ही का अडवता?

रोगामुळे.

बेडकांचा रानाव्हायरस ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटापासून दिसू लागला. आग्नेय इंग्लंडमधल्या बागांत ऐन उन्हाळ्यात एकाच तळ्यात वीस-तीस मोठे बेडूक मेलेले सापडायचे, कुणाची कातडी लाल झालेली, कुणाच्या अंगावर व्रण, कुणाची बोटं झडलेली. लोकांनी कळवलेल्या अशा नोंदींवरून संशोधकांनी पुढे त्याच तळ्यांचा पाठपुरावा केला. ज्या तळ्यांत हा रोग वारंवार येत राहिला, तिथली बेडकांची संख्या सुमारे बारा वर्षांत मधल्या आकड्याने (म्हणजे निम्म्या तळ्यांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) ८१ टक्के घटली होती. निरोगी तळ्यांत तशी घट नव्हती.

हा विषाणू एका गावातून दुसऱ्या गावात गेला कसा? बेडूक काही शेकडो मीटर फिरतो, शंभर मैल जात नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदी आणि विषाणूच्या जनुकांवरून प्रसाराचा नकाशा परत मांडला गेला, आणि त्यात माणसांनी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात केलेल्या ने-आणीचा वाटा मोठा निघाला. म्हणजे बादली घेऊन जाणारे आपणच. त्यांतल्या बहुतेकांना बेडकांचं भलंच करायचं होतं.

दुसरा रोग कायट्रिड बुरशीचा. तिने जगभर उभयचरांच्या अनेक जाती संपवल्या आहेत. ब्रिटनमध्ये ती २००४ मध्ये सापडली, केंटमध्ये माणसांनी आणलेल्या अमेरिकन बुलफ्रॉगच्या अंगावर. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. निरोगी दिसणाऱ्या अंड्यांबरोबर पेलाभर पाणी आणि चिखल येतोच, तेवढं त्यांना पुरतं.

पाण्याबरोबर वनस्पतीही येते. न्यूझीलंड पिग्मीवीडचा नखाएवढा तुकडा तळ्यात पडला तर दोन-तीन हंगामांत पाण्यावर जाड गालिचा होतो. तो काढायला गेलात की तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा रुजतो. फ्लोटिंग पेनीवर्ट चांगल्या हवेत दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंत पसरतं. इंग्लंडमध्ये या दोन्हींसह पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर एप्रिल २०१४ पासून बंदी आहे, आणि त्या निसर्गात पसरू देणं हा वेगळा गुन्हा आहे. बेडकांना नाही, तरी स्वतःच्या कंबरेला जपायचं म्हणून तरी दुसऱ्याच्या तळ्यातलं पाणी आणू नका.

इथले वयस्कर शेजारी सांगतात, आम्ही लहानपणी जॅमच्या बरणीत अंडी आणायचो, काही झालं नाही.

खरं सांगतात. त्या काळात शाळेच्या वर्गात 'नेचर टेबल' असायचं आणि त्यावर बेडूकमाशांची बरणी हमखास असे. पुढे शेतातली जुनी तळी बुजवली गेली, यंत्रं आली, गुरांना पाणी पाजायच्या तळ्यांची गरज उरली नाही. तेव्हा बागेतली तळी बेडकांचा मोठा आधार झाली, आणि अंडी आणून तळं सुरू करा असा सल्ला जाणकारही द्यायचे. रानाव्हायरसची साथ नंतर आली. सल्ला बदलला तो त्यामुळे. शेजारच्या आजोबांशी वाद घालायची गरज नाही, त्यांना नवी माहिती सांगितली तर ते बहुधा ऐकतात.

तळं खणलं, दोन वर्षं झाली, एकही बेडूक नाही. आता तरी आणू का?

अजून थोडा धीर धरा. साधारण एक-दोन वर्षांत बेडूक आपण होऊन येतात, पण आसपास त्यांची वस्ती असेल तर, आणि वाटेत सलग कुंपणभिंती नसतील तर. नव्या हाउसिंग इस्टेटमध्ये बहुतेक वेळा अडचण कुंपणाचीच असते. सिमेंटच्या पायावर बसवलेल्या लाकडी फळ्यांखालून बेडूक शिरणार कुठून? तळाशी तळहाताएवढी फट ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना तसं करायला सांगितलं, तर बादलीपेक्षा जास्त उपयोग होतो.

तळ्याची एक तरी बाजू उताराची ठेवा. बेडकांना अंडी उथळ, उन्हाने लवकर तापणाऱ्या पाण्यात घालायची असतात, आणि जूनमध्ये नखाएवढी पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना चढायला जागा हवी. मधली खोली साठ सेंटिमीटरच्या आसपास असली की पुरते. पाणी पावसाचं भरा. नळाच्या पाण्यात पोषकद्रव्यं जास्त असतात, त्यामुळे शेवाळ माजतं. काठाजवळ लाकडाचा ढीग, न कापलेलं गवत, थोडी पालापाचोळ्याची आडोशाची जागा असू द्या, कारण बेडूक वर्षाचा बराच काळ पाण्याबाहेरच असतो. गोगलगायींसाठीच्या गोळ्या मात्र टाकू नका, बेडूक आले की ते काम तेच करतात.

आणि गोल्डफिश? मुलांचा हट्ट असतो, मला माहीत आहे. पण गोल्डफिश बेडूकमासे गिळतात. टोडचे बेडूकमासे कडवट लागतात म्हणून माशांच्या तळ्यात टोड तग धरतो, बेडूक धरत नाही. एक काहीतरी निवडा.

यंदा तळ्यात अंडीच अंडी झाली आहेत. थोडी दुसरीकडे नेऊन सोडावीत का?

नको. एका पुंजक्यातून मोठे बेडूक होईपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचतात, आणि निसर्गाचा हिशोब तसाच आहे. पक्षी, न्यूट, चतुरांच्या अळ्या, मासे या सगळ्यांचं त्यावर पोट असतं. बेडूकमासे एकमेकांनाही खातात. गर्दी आपोआप कमी होते.

कडाक्याची थंडी पडली आणि वरच्या अंड्यांचे ठिपके पांढरे पडले, तर ती मेली. पाण्याखालची बहुतेक वाचतात. बर्फावर कढत पाणी ओतू नका.

मुलाच्या वर्गात बेडूकमासे हवे आहेत म्हणे. काय करावं?

शाळेचं स्वतःचं तळं असेल तर उत्तम. तिथलीच थोडी अंडी घ्यावीत, म्हणजे चमचाभर, बादलीभर नव्हे, आणि पिल्लं परत त्याच तळ्यात सोडावीत. सुटीच्या दिवशी त्यांची काळजी कोण घेणार हे आधी ठरवावं. अंड्याला २००६ चा प्राणी कल्याण कायदा लागू नाही, कारण तो भ्रूणावस्थेला वगळतो. पण अंडं फुटून बेडूकमासा झाला की तो पाठीचा कणा असलेला, तुमच्या ताब्यातला प्राणी ठरतो, आणि त्याचे हाल होऊ न देणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी. ईस्टरच्या सुटीत कोरडी पडलेली वर्गातली टाकी ही नुसती दुःखाची गोष्ट राहत नाही.

आयर्लंड, स्कॉटलंडमध्येही हेच नियम?

नाही, आणि इथे लोक हमखास फसतात. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात बेडूक १९७६ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तिथे अंडी उचलायलाही परवाना लागतो, शाळांनासुद्धा. म्हणजे डब्लिनच्या भाच्याला लंडनच्या मामीचा सल्ला उपयोगाचा नाही. उत्तर आयर्लंडमध्ये स्मूद न्यूटला पूर्ण संरक्षण आहे, जे इंग्लंडमध्ये नाही. स्कॉटलंडमध्ये बेडकाबाबत १९८१ चाच कायदा चालतो, पण कुठलाही प्राणी त्याच्या मूळ टापूबाहेर सोडणं हा तिथे २०१२ पासून गुन्हा आहे. एखाद्या बेटावर मुळात बेडूक नसतील, तर मुख्य भूमीवरून तिथे नेऊन सोडणं त्यात येतं. जर्मनीत सगळेच उभयचर संरक्षित आहेत, तिथे बरणी घेऊन तळ्यावर जाऊच नका.

परदेशी बेडूक दुकानात मिळतात. तळ्यात सोडले तर?

तळं झाकलेलं नसेल तर ते सोडणंच झालं, आणि इथला रहिवासी नसलेला प्राणी मोकळा सोडणं हा १९८१ च्या कायद्याच्या कलम १४ खाली गुन्हा आहे. हा नियम का आहे त्याचं उदाहरण केंटमध्ये आहे. १९३४-३५ च्या हिवाळ्यात हंगेरीतून आणलेले बारा मार्श फ्रॉग स्टोन-इन-ऑक्सनी गावातल्या एका बागेच्या तळ्यात सोडले होते. ते तिथून निघाले आणि रॉम्नी मार्शच्या कालव्यांत पसरले. आज त्या भागात मे महिन्याच्या रात्री त्यांचा गोंगाट ऐकल्याशिवाय झोप येत नाही, असं तिथले लोक अर्धं कौतुकाने, अर्धं वैतागून सांगतात. बागेतलं एक तळं, बारा बेडूक, आणि पुढची नव्वद वर्षं.

भारतात गावच्या घरी तळं करतोय. तिथे तर कोणी विचारत नाही ना?

विचारतात. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येत उभयचर, त्यांची पिल्लं आणि अंडी सगळं येतं, आणि परिशिष्टांत नाव असलेला प्राणी पकडणं म्हणजे शिकार. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

गोव्यात पहिल्या पावसात वनखातं रात्रीची गस्त घालतं ते भारतीय बुलफ्रॉगसाठी. 'जंपिंग चिकन' नावाने त्याचं मांस खपतं, आणि नेमके अंडी घालायला बाहेर पडलेले बेडूक पोत्यात जातात. एके काळी भारत वर्षाला चार हजार टनांहून जास्त बेडकांच्या तंगड्या निर्यात करत होता. १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली. बुलफ्रॉग १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहे. तेव्हा इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे, सामानातून काहीही नेऊ नका.

शिवाय कोकणात, घाटावर तळ्यासाठी बेडूक आणावे लागतच नाहीत. मृगाचा पाऊस पडू द्या, दगडी हौदातसुद्धा ते हजर होतात. बाहेरून मत्स्यबीज आणताना मात्र पिशवीत बेडूकमासे नाहीत ना, हे बघून घ्या. अंदमानात मुख्य भूमीवरचा बुलफ्रॉग असाच मत्स्यबीजाबरोबर पोहोचला. त्याचे मांसाहारी बेडूकमासे आता तिथल्या मूळच्या बेडकांचे बेडूकमासे खातात.

तळ्यात मेलेले बेडूक सापडले. कुणाला सांगायचं?

'गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ' या प्रकल्पाकडे ऑनलाइन नोंद करता येते. तो लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीची संशोधन संस्था इतर संस्थांबरोबर चालवते. फोटो काढा, हातमोजे घाला, आणि त्या तळ्यातली जाळी-बादली दुसऱ्या तळ्यात वापरू नका. बर्फ वितळल्यावर तळाशी फुगलेले बेडूक वर आले तर तो बहुधा रोग नसतो. तळाशी पालापाचोळा कुजून प्राणवायू संपलेला असतो. शरद ऋतूत पानं काढत राहिलात तर पुढच्या वर्षी कमी होतं.

घर घेतलं, लहान मूल आहे, जुनं तळं बुजवायचं आहे. परवानगी लागते का?

साधे बेडूक असतील तर वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागत नाही. ग्रेट क्रेस्टेड न्यूट असतील तर परवाना लागतोच, इंग्लंडमध्ये तो नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था देते. शंका असली तर आधी जाणकाराकडून तळं बघून घ्या. त्या न्यूटला हात लावायलाही परवाना लागतो, म्हणून स्वतः जाळी टाकून शोधू नका. आणि बुजवण्याआधी तळ्यावर मजबूत लोखंडी जाळी बसवता येते का ते बघा. मूल शाळेत जायला लागेपर्यंत अनेक घरं तेवढ्यावर भागवतात. बुजवायचंच ठरलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बुजवा. तोवर पिल्लं बाहेर पडलेली असतात, आणि तळाच्या चिखलात हिवाळा काढायला नर अजून उतरलेले नसतात.